शिनोळीहून परत

पहाटे साडेचारला नाड्या बांधताना
डावा गुडघा विचारतो, आज तरी राहू दे का.
मी उत्तर देत नाही.
उद्यमबागेत बावीस वर्षं लेथवर काढली,
मायक्रॉनची चूक माझ्या बोटाला कळते,
पण या एका सांध्यात नेमकं काय घासतं
ते कुठल्याच गेजला सापडत नाही.

हिंडलग्यापर्यंत सगळं सोपं.
तुरुंगाच्या भिंतीवरचे दिवे एकेक करून मागे पडतात,
दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर,
नव्या बेअरिंगसारखा.
इथं वाटतं, अजून आपण बरे आहोत.
इथंच मी दरवेळी चुकतो,
जोरात पळतो.

सुळग्याला धुकं. रताळ्यांच्या वेलांवर दहिवर.
बैल सोडता सोडता एक म्हातारा हाळी देतो,
"कशाला पळायलास गा? कोण मागं लागलंय?"
सांगायला हवा पुरत नाही. हात हलवतो.
तेवढ्यानं लय तुटते,
ती पुन्हा जुळेपर्यंत अर्धा मैल जातो.

तुरमुरीला कचऱ्याच्या डोंगराचा वास.
तोंड मिटून पळावं लागतं,
आणि तोंड मिटलं की छातीतलं सगळं ऐकू येतं.
अडिवेप्पा हुक्केरी इथं हमखास विनोद करायचा,
अर्धा कन्नडमध्ये. मला निम्माच कळायचा,
हसू मात्र पूर्ण यायचं.
नऊ वर्षं आम्ही जोडीनं पळालो.
मार्चमध्ये त्याच्या गुडघ्यातली गादी फाटली.

बाची. गोल अक्षरांच्या पाट्या इथवर.
नाक्यावरचा पोलीस खुर्चीत झोपलेला.
पुढं डांबर जरा खडबडीत होतं, फरक म्हणावा तर एवढाच.
खिशात मोबाईल थरथरतो,
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
या रेषेसाठी बापानं दोनदा लाठ्या खाल्ल्या.
मी शिनोळीच्या पंपाच्या खांबाला हात लावतो
आणि परत फिरतो,
अर्धं झालं म्हणून.

येताना काजूच्या बागेआड एकदा बसावं लागतं.
ते कुणी सांगत नाही, मी सांगतो.
बनियनवर छातीशी रक्ताचे दोन ठिपके,
भुवयांवर मीठ,
अंगठ्याचं नख तिसऱ्यांदा काळं.

तेविसाव्या किलोमीटरला तो येतो,
माझ्याच आवाजात बोलतो, हिशेब मागतो:
वय अठ्ठेचाळीस. पगार वाढला? नाही.
कुणी बोलावलं होतं? नाही.
रिक्षा दिसते आहे? दिसते आहे.
खिशात पन्नासची नोट घडी घालून ठेवलीस,
ती कशासाठी ठेवलीस मग?
त्याचं प्रत्येक म्हणणं बरोबर असतं.
माझ्याकडे उत्तर म्हणून
फक्त पुढचा विजेचा खांब असतो.
तो आला की त्याच्या पुढचा.

मग मागून टीव्हीएसचा फटफट आवाज.
अडिवेप्पा. हँडलला मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली,
कानाला मफलर. काही विचारत नाही,
बाटली देतो, माझ्या बाजूनं गाडी चालवत राहतो.
"इन्न स्वल्प," म्हणतो. अजून थोडं.
सहा किलोमीटर उरलेत, दोघांनाही माहीत आहे.
पुन्हा म्हणतो, "इन्न स्वल्प."
त्याची नजर रस्त्यावर कमी, माझ्या पायांवर जास्त.
फूटबोर्डवर त्याची उजवी टाच
वरखाली होत असते
माझ्या पावलाला पाऊल लावून.
मी पाहिलं हे त्याला कळू देत नाही.

दुसऱ्या रेल्वे फाटकाशी लोखंडी दांडा आडवा.
थांबलं की पिंढरीत गोळा येतो,
म्हणून मी जागच्या जागी नाचत राहतो,
शाळेची पोरं सायकलवरून हसतात.
मालगाडी संपता संपत नाही.
मी डबे मराठीत मोजतो, तो कन्नडमध्ये.
शेवटी आकडा विचारतो एकमेकांना,
एकाचा फरक येतो.
भांडायला दम नाही.

दांडा वर जातो.
आता पुन्हा सुरू करायचं,
यापेक्षा वाईट अख्ख्या रस्त्यात काही नाही.